‘साठ टक्के जर्मन’ असं लिहिण्याआधी : अप्पर सायलेशिया, एक सार्वमत आणि एक पुस्तक

माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं : “१९२१ च्या सार्वमतात अप्पर सायलेशियातील सुमारे ६० टक्के लोक जर्मन असल्याचे सिद्ध झाले.” गाइडनी त्यातल्या ‘लोक’, ‘असल्याचे’ आणि ‘सिद्ध’ या तिन्ही शब्दांखाली रेघ मारली आणि शेजारी एवढंच लिहिलं : “मतपत्रिकेवर प्रश्न काय होता?”

मी आकडा तपासला होता. तो बरोबर होता. चूक वाक्यात होती, आणि ती कळायला मला एक अख्खं पुस्तक वाचावं लागलं. जेम्स ब्योर्क यांचं ‘नायदर जर्मन नॉर पोल’ हे पुस्तक २००८ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या प्रेसने काढलं. आजचा लेख त्याच पुस्तकावर आहे. पुस्तक चांगलं आहे, पण ते मला पूर्ण पटत नाही. का पटत नाही ते सांगायचा प्रयत्न करतो. लिटरेचर रिव्ह्यू लिहायला बसणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल असं वाटतं.

आधी थोडी पार्श्वभूमी

सायलेशिया म्हणजे ओडर नदीच्या वरच्या खोऱ्यातला प्रदेश. आज तो बहुतांश पोलंडमध्ये आहे, थोडा चेक प्रजासत्ताकात आणि एक लहानसा तुकडा जर्मनीत. मध्ययुगात तिथे पोलिश पियास्त घराण्याच्या शाखांची छोटी छोटी संस्थानं होती. चौदाव्या शतकात ती बोहेमियाच्या राजाच्या अधिपत्याखाली गेली. १५२६ मध्ये बोहेमियाचा मुकुटच हाब्सबुर्ग घराण्याकडे आला, तेव्हा सायलेशियाही त्याच्यासोबत गेला. १७४० मध्ये प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिकने स्वारी केली आणि १७४२ च्या तहाने बहुतेक प्रदेश प्रशियाचा झाला. दक्षिणेची एक पट्टी तेवढी ऑस्ट्रियाकडे राहिली.

नेपोलियनच्या युद्धांनंतर प्रशियाने कारभाराची घडी नव्याने बसवली. त्यात प्रांताच्या आग्नेय भागासाठी ओपेल्न हा प्रशासकीय विभाग तयार झाला. ‘अप्पर सायलेशिया’ म्हणून आपण जे वाचतो ते साधारणपणे हेच. शेती, मोठ्या जमीनदाऱ्या आणि पूर्वेच्या टोकाला कोळसा, जस्त, लोखंड. शहरांत जर्मन बोलणारे जास्त, खेड्यांत आणि खाणकामगारांच्या वस्त्यांत पोलिशची सायलेशियन बोली बोलणारे जास्त. ही माणसं स्वतःच्या बोलीला ‘पो नाशेमु’ म्हणायची, म्हणजे ‘आपल्या पद्धतीचं’. नीट बघा, या नावात ना जर्मनी आहे ना पोलंड. धर्माने बहुसंख्य कॅथलिक.

पहिलं महायुद्ध जर्मनी हरली. व्हर्सायच्या तहाच्या पहिल्या मसुद्यात हा भाग थेट नव्या पोलंडला दिला होता. जर्मनीने निषेध केला, ब्रिटनच्या लॉइड जॉर्जनी बाजू घेतली, आणि शेवटी सार्वमत घ्यायचं ठरलं. फेब्रुवारी १९२० पासून ब्रिटिश, फ्रेंच आणि इटालियन प्रतिनिधींच्या आयोगाने तिथला कारभार हातात घेतला. २० मार्च १९२१ रोजी मतदान झालं.

आकडा काय सांगतो, काय सांगत नाही

जर्मनीच्या बाजूने ७,०७,६०५ मतं, पोलंडच्या बाजूने ४,७९,३५९. म्हणजे ५९.६ टक्के विरुद्ध ४०.४ टक्के. जवळजवळ सगळ्या पात्र मतदारांनी मतदान केलं होतं, त्यामुळे ‘लोक घरी बसले’ असंही म्हणता येत नाही.

आता याच्या शेजारी १९१० ची जनगणना ठेवा. ओपेल्न विभागात मातृभाषा पोलिश सांगणारे निम्म्याहून जास्त होते, जर्मन सांगणारे सुमारे ४० टक्के. आकडे जणू उलटे झाले! माझ्यासारखा उतावळा विद्यार्थी इथे लगेच लिहून मोकळा होतो : “म्हणजे लाखो पोलिश भाषकांनी जर्मनीला मत दिलं.” निष्कर्ष खरा आहे, पण ही वजाबाकी जशी मी केली तशी करता येत नाही. त्याची दोन कारणं आहेत, आणि ती तुमच्याही विषयात कुठे ना कुठे भेटतील.

पहिलं, दोन्ही आकड्यांचा प्रदेश एक नाही. ओपेल्न विभागाच्या पश्चिमेचे नायसे आणि ग्रोटकाउ हे जर्मन भाषक तालुके सार्वमतातून वगळलेले होते. म्हणजे सार्वमताच्या प्रदेशात पोलिश भाषकांचं प्रमाण १९१० च्या विभागीय आकड्यापेक्षा जास्तच होतं.

दुसरं, दोन्ही आकड्यांतली माणसं एक नाहीत. जनगणनेत लहान मुलंही मोजली जातात, मत फक्त २० वर्षांवरच्या स्त्री-पुरुषांना होतं. शिवाय तिथे जन्मलेल्या पण बाहेर राहणाऱ्यांनाही मताधिकार होता. अशी सुमारे १ लाख ९० हजार माणसं मतदानापुरती आली, त्यातली बहुतेक जर्मनीतून. दर सहा मतांमागे जवळपास एक मत अशा माणसाचं होतं, जी व्यक्ती दुसऱ्या दिवशी गाडीत बसून परत जाणार होती.

म्हणून विभागाचा सरसकट आकडा बाजूला ठेवून तालुके बघा. रोझेनबर्ग (आजचं ओलेस्नो) आणि प्लेस (आजचं प्श्चिना) हे दोन तालुके घ्या. १९१० मध्ये रोझेनबर्गात सुमारे ८० टक्के लोकांची मातृभाषा पोलिश होती, प्लेसमध्ये सुमारे ८६ टक्के. दोन्हीकडे कॅथलिक बहुसंख्य. आणि निकाल? रोझेनबर्गात सुमारे ६८ टक्के मतं जर्मनीला, प्लेसमध्ये सुमारे ७४ टक्के पोलंडला.

भाषा जवळजवळ सारखी, धर्म सारखा, मत उलटं. ही जोडी लक्षात ठेवा. पुस्तकाची परीक्षा आपण हिच्यावरच घेणार आहोत.

ब्योर्क काय म्हणतात

पुस्तकाचा काळ साधारण १८९० ते १९२२. जुन्या इतिहासलेखनात दोन ठरलेल्या गोष्टी होत्या. जर्मन बाजू म्हणायची की हे लोक मनाने जर्मनच होते, सार्वमताने ते दाखवलं. पोलिश बाजू म्हणायची की हे लोक पोलिशच होते, शतकांच्या दडपशाहीने त्यांची ओळख झाकली गेली आणि १९१९, १९२० आणि १९२१ च्या उठावांत ती उसळून आली. दोघांचं भांडण जोरात, पण एका गृहीतकावर एकमत : प्रत्येक माणसाच्या आत एक खरं राष्ट्र असतं, इतिहासकाराने ते फक्त उकरून काढायचं.

ब्योर्क हे गृहीतकच नाकारतात. त्यांच्या मते इथल्या माणसांची पहिली निष्ठा चर्चशी, आपल्या गावच्या पॅरिशशी होती. बिस्मार्कने १८७० च्या दशकात कॅथलिक चर्चविरुद्ध मोहीम उघडली, तेव्हा लोक कॅथलिकांच्या सेंटर पक्षामागे एकवटले. त्या पक्षात जर्मन बोलणारे आणि पोलिश बोलणारे एकत्र होते. प्रवचन, कबुलीजबाब आणि मुलांचं धर्मशिक्षण पोलिशमधून हवं, हा आग्रह होता, पण तो धर्माचा आग्रह होता. त्याचं आपोआप ‘पोलंड हवा’ असं भाषांतर होत नव्हतं. १९०३ मध्ये व्होइचेख कोर्फांती पोलिश राष्ट्रवादी म्हणून राइशस्टागवर निवडून आले, ही सेंटर पक्षाला मोठी धडक होती. तरी त्यानंतरही राष्ट्रवादाचा आलेख सरळ वर चढत गेला नाही. लोक पुढे गेले, मागे आले, मधे थांबले.

या पुस्तकाची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ते पाद्री लोकांना प्यादी समजत नाही. एकाच पाद्रीला सकाळी एका भाषेत आणि नंतर दुसऱ्या भाषेत प्रवचन द्यावं लागत असेल, तर सार्वमताच्या वर्षी त्याने कोणाची बाजू घ्यायची? नोव्हेंबर १९२० मध्ये ब्रेसलाउचे प्रिन्स-बिशप बर्टराम यांनी पाद्रींच्या राजकीय प्रचारावर निर्बंध घातले, ते या पार्श्वभूमीवर. पोलिश बाजूला तो जर्मनधार्जिणा हुकूम वाटला. ब्योर्क वाचल्यावर कळतं की चर्चसाठी हा पॅरिश फुटू न देण्याचाही प्रश्न होता.

मग अडचण कुठे आहे?

पहिली अडचण संकल्पनेची. पुस्तकाच्या उपशीर्षकातच ‘राष्ट्रीय उदासीनता’ हा शब्द आहे. २०१० मध्ये टारा झारा यांनी ‘स्लाविक रिव्ह्यू’मधल्या लेखात या कल्पनेला विश्लेषणाचं साधन म्हणून मांडलं आणि मग ती चांगलीच रुळली. पण ‘उदासीन’ म्हणजे काय, विचार करा. एखाद्याला काय नाही ते हा शब्द सांगतो. काय आहे ते सांगत नाही. आणि मुळात ही तक्रार होती कोणाची? गावोगाव फिरणाऱ्या राष्ट्रवादी कार्यकर्त्यांची. ‘या लोकांना काही पडलेलंच नाही’ असं तेच लिहायचे. म्हणजे ज्यांच्या नजरेतून आपल्याला सुटायचं होतं, त्यांचाच शब्द आपण संकल्पना म्हणून उचलला.

ब्योर्क यातून बऱ्याच अंशी सुटतात, कारण रिकाम्या जागी ते कॅथलिक निष्ठा ठेवतात. पण इथेच दुसरी अडचण येते. रोझेनबर्ग आणि प्लेस आठवा. दोन्हीकडे कॅथलिक बहुसंख्य. पोलिश बोलणारा माणूस आपोआप पोलंडचा का झाला नाही, हे कॅथलिक निष्ठेने समजतं. पण एक तालुका इकडे आणि दुसरा तिकडे का गेला, हे तेवढ्याने समजत नाही. त्यासाठी जमीन कोणाची होती, खाण किती जवळ होती, पोलिश सहकारी संस्था आणि वृत्तपत्रं कुठे पोचली होती, बाहेरून किती मतदार आले, हे सगळं बघावं लागेल. एखादी मांडणी ‘काय झालं नाही’ याचं उत्तर देते, म्हणून ती ‘काय झालं’ याचंही उत्तर देतेच असं नाही. हा फरक रिव्ह्यू लिहिताना हमखास निसटतो.

तिसरी अडचण मला सगळ्यात मोठी वाटते. पुस्तक १९२२ ला थांबतं. माझ्या मते खरी परीक्षा तिथून सुरू होते.

सीमा आखल्यानंतर

ऑक्टोबर १९२१ मध्ये राष्ट्रसंघाच्या शिफारशीवरून प्रदेश तोडला गेला. पोलंडला क्षेत्र साधारण एक तृतीयांश मिळालं, पण बहुतेक कोळसा खाणी आणि कारखाने त्यातच होते. कातोवीत्से शहराने मोठ्या बहुमताने जर्मनीला मत दिलं होतं, ते पोलंडमध्ये गेलं. दोन्ही बाजूंना लाखाहून अधिक मतदार आपण मागितलेल्या देशाबाहेर राहिले.

यांच्यासाठी १५ मे १९२२ रोजी जिनिव्हा करार झाला. ६०६ कलमं, मुदत १५ वर्षं. त्यातलं एक कलम मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं : एखादी व्यक्ती वांशिक, भाषिक किंवा धार्मिक अल्पसंख्याकांत मोडते की नाही, याची पडताळणी सरकारी अधिकाऱ्यांनी करायची नाही आणि त्यावर वादही घालायचा नाही. म्हणजे माणूस सांगेल ते.

प्रत्यक्षात काय झालं? १९२६ मध्ये पोलिश बाजूच्या अधिकाऱ्यांनी जर्मन अल्पसंख्याक शाळांसाठी आलेले अर्ज तपासायला घेतले आणि सात हजारांहून जास्त अर्ज रद्द केले. का, तर मुलांना जर्मन येत नाही. प्रकरण राष्ट्रसंघात गेलं. शेवटी एका स्वित्झर्लंडच्या शिक्षणतज्ज्ञाला बोलावून मुलांची भाषा परीक्षा घ्यायचं ठरलं. डोळ्यांसमोर आणा : सहा-सात वर्षांचं पोर, समोर परदेशी परीक्षक, आणि ठरवायचंय की हे घर कोणत्या राष्ट्राचं. २६ एप्रिल १९२८ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने निकाल दिला. पालकांचं निवेदन वस्तुस्थितीचं असावं, नुसत्या इच्छेचं नाही. पण ते खरं की खोटं याची पडताळणी अधिकाऱ्यांनी करायची नाही. न्यायालयालाही ही गाठ पूर्ण सुटली नाही!

याच कराराची दुसरी बाजूही सांगायला हवी. १९३३ मध्ये जर्मनीकडच्या भागातल्या ग्लायवित्समधले फ्रान्झ बर्नहाइम या ज्यू कर्मचाऱ्याला नोकरीवरून काढलं गेलं. त्यांनी जिनिव्हा कराराच्या आधारे राष्ट्रसंघाकडे अर्ज केला, आणि त्या अर्जामुळे हिटलरच्या जर्मनीत या एका प्रदेशापुरती ज्यूविरोधी कायद्यांची अंमलबजावणी थांबवावी लागली. जुलै १९३७ मध्ये कराराची मुदत संपली आणि ते संरक्षणही संपलं. कारभाराची चौकट म्हणजे कोरडं कलम नव्हे, ती माणसाच्या आयुष्यात चार वर्षांची भर घालू शकते, हे मला इथे कळलं.

पुढे नाझींनी पोलिश भाग जोडून घेतला आणि १९४१ पासून लोकांची ‘जर्मन लोकयादी’त चार गटांत नोंद केली. नकार देणं धोक्याचं होतं. कातोवीत्सेचे बिशप आदाम्स्की यांनीच लोकांना जीव वाचवण्यासाठी यादीत जायचा सल्ला दिला. १९४५ मध्ये सीमा पश्चिमेला सरकली, जवळजवळ सगळा सायलेशिया पोलंडच्या कारभाराखाली आला. लाखो जर्मनांना घालवून देण्यात आलं, आणि राहू इच्छिणाऱ्यांना आता पडताळणी मंडळांपुढे आपण पोलिश असल्याचं सिद्ध करावं लागलं. चार वर्षांपूर्वी उलटं सिद्ध करायचं होतं. माणूस तोच, घर तेच.

या सगळ्याला ‘उदासीनता’ म्हणता येईल? मला नाही वाटत. ज्याला पडलेलं नाही तो उदासीन. इथे तर चुकीचं उत्तर दिलं तर शाळा, नोकरी, घर, जीव जातो.

दुसरं पुस्तक

ब्रेंडन कार्च यांचं ‘नेशन अँड लॉयल्टी इन अ जर्मन-पोलिश बॉर्डरलँड’ (२०१८) ही पोकळी भरतं. काळ १८४८ ते १९६०, केंद्र ओपेल्न शहर आणि भोवतालची खेडी. त्यांच्या मते लोक उदासीन नव्हते, ते राष्ट्राकडे साधन म्हणून बघत होते. राष्ट्रवाद्यांना हवी होती संपूर्ण, मूल्य म्हणून निष्ठा. लोक विचारत होते, याने आमचं काय होणार? त्या त्या वेळी जी बाजू सोयीची आणि सुरक्षित, तिचं नाव ते घेत.

हे मला जास्त पटतं, मुख्यतः १९२२ नंतरच्या काळासाठी. पण इथेही सावध राहा. ‘लोकांनी फायदा बघितला’ हे नंतर बसून म्हणणं फार सोपं असतं. ज्याने जे निवडलं त्यात त्याचा काहीतरी फायदा शोधून काढता येतोच. मग ही मांडणी कधी चुकूच शकत नाही, आणि जी मांडणी चुकूच शकत नाही तिच्याबद्दल व्हायवात प्रश्न येणारच. दबावाखाली दिलेल्या उत्तराला ‘निवड’ म्हणावं का, हा प्रश्नही उरतोच.

माझं स्वतःचं मत असं : ब्योर्क १९१४ पर्यंतच्या काळासाठी आणि कार्च त्यानंतरच्या काळासाठी वाचावेत. दोघांत एक बरोबर, एक चूक असं नाही. मधल्या काळात प्रश्न विचारणारी सत्ता बदलली, म्हणून उत्तरांचा अर्थही बदलला. माझी मर्यादाही सांगतो. मला जर्मन वाचता येतं, पोलिश अजून नाही. त्यामुळे पोलिश संशोधन माझ्यापर्यंत इंग्रजी आणि जर्मनमधून गाळून येतं. हे मी सिनॉप्सिसमध्ये लिहिलंय. तुमचीही अशी मर्यादा असेल तर लिहा, लपवू नका.

तुमच्या वहीत उतरवण्यासाठी

कुठलाही ‘ओळखी’चा आकडा वापरण्याआधी चार गोष्टी विचारा. प्रश्न नेमका कोणत्या शब्दांत होता? विचारलं कोणी? कोणाला विचारलं आणि कोण वगळलं? आणि उत्तर दिल्याने माणसाचं काय बिघडणार किंवा सुधारणार होतं?

हे फक्त जुन्या काळापुरतं नाही. पोलंडच्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ८ लाख ४७ हजार जणांनी आपली ओळख ‘सायलेशियन’ अशी नोंदवली, २०२१ मध्ये सुमारे ५ लाख ९६ हजारांनी. हे वाचून “अडीच लाख सायलेशियन कमी झाले” असं लिहायचा मोह झाला, तर वरचे चार प्रश्न पुन्हा वाचा.

माझ्या सिनॉप्सिसमधलं वाक्य आता असं आहे : “१९२१ च्या सार्वमतात, तिथे जन्मलेल्या पण बाहेर राहणाऱ्या मतदारांसह, ५९.६ टक्के मतं प्रदेश जर्मनीत ठेवण्याच्या बाजूने पडली.” लांब झालं, थोडं कंटाळवाणंही. गाइडनी या वेळी फक्त एका शब्दाखाली रेघ मारली : ‘ठेवण्याच्या’. शेजारी लिहिलं, “पोलिश बाजू याला काय म्हणेल?”